दगडूकाकांचा ऑनलाइन पखवाज

दगडूकाकांनी विद्यार्थ्यांना फोन करायचं ठरवलं, तिथून सगळं बिघडलं. न करते तर काही झालं नसतं. पण मग क्लासही राहिला नसता.

काका लालबागला चाळीत राहतात. गिरणी बंद पडल्यापासून पखवाज शिकवतात. पूर्वी भजन मंडळाच्या खोलीत शिकवायचे. ती इमारत पाडायला घेतली आणि मंडळाचे सेक्रेटरी हेमचंद्र यांनी क्लास मोबाइलवर आणला. म्हणजे काका पखवाज मांडीवर घेऊन पाटावर बसायचे, समोर पिठाच्या डब्याला टेकून मोबाइल, आणि मोबाइलात काळे चौकोन. चौकोनांवर नावं. काका "धा" वाजवून विचारत, "कळलं?" एकही चौकोन बोलत नसे. (एकदा एका चौकोनातून घोरणं ऐकू आलं. काकांना तेवढंच बरं वाटलं. कोणीतरी आहे.)

मग एके दिवशी हेमचंद्रांचा फोन आला.

"काका, पोरं गळतायत हो. असंच चाललं तर गणपतीनंतर क्लास बंद. तुमचे धडे रेकॉर्ड करून टाकून देऊ, ज्याला हवं तो बघेल."

"आणि मी?"

"तुम्ही आराम करा."

आराम हा शब्द काकांनी यापूर्वी गिरणीच्या फाटकावर ऐकला होता. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. शेजारची अनुजा कॉलेजात शिकवते, तिच्याकडे ते सकाळीच गेले.

"काका, मुलं आधी माणसं म्हणून कळायला हवीत," अनुजा म्हणाली. "एकेकाला फोन करा. घरी काय चाललंय, काय अडचण आहे, विचारा. आणि मग क्लासमध्ये त्याचा उपयोग करा."

काकांनी आठवडाभर फोन केले. माणूस मुळात हळू बोलणारा. मध्ये इतका वेळ गप्प राहतो की समोरच्याला भरून काढावंच लागतं. लोकांनी भरून काढलं. वडाळ्याचा हितेंद्र तर रडलाच.

आता प्रश्न असा की एवढं सगळं कळलं, त्याचा क्लासमध्ये उपयोग कसा करायचा? काकांना फार विचार करावा लागला नाही. त्यांच्या कोकणातल्या गावात कोणाची अडचण कळली की ती पोटात ठेवत नाहीत. देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. नावानिशी, मोठ्याने, अख्ख्या गावासमोर. आणि गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा." यापेक्षा आपुलकीचं काय असणार?

रविवारी काकांनी पखवाज मोबाइलपुढे ठेवला, त्याच्या अलीकडे आपल्यासमोर नारळ मांडला, हात जोडले आणि डोळे मिटले. (डोळे मिटले हीच चूक. उघडे असते तर काळ्या चौकोनांवर भराभर उगवणारी हाताची चित्रं दिसली असती.)

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत. ह्यो वडाळ्याचो हितेंद्र. ह्येना सासूच्या हातच्या सांदणांका नावां ठेवली, म्हणान ह्येची बायको बकुळा रुसान म्हायेराक जावन बसली हा. तिचो राग काढून टाक, आणि ह्येका शाणपण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून सुभद्राकाकी म्हणाल्या. सवयीने.

पखवाजाचा क्लास म्हटल्यावर आवाज मोठा हवा, म्हणून सगळ्यांनी फोन स्पीकरला लावलेले. सगळ्यांच्या घरी सगळे घरात.

"रुसून?" वडाळ्याहून हितेंद्रच्या आईचा आवाज आला. "मला तर म्हणालास बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय!"

"आई, नंतर सांगतो गं!"

काका तंद्रीत होते. "तसोच ह्यो गिरगावचो ॲलिस्टर. डाक्टरान तळलेला बंद केल्यान, तरी ह्यो ऑफिसाखाली रोज भजी-पाव खाता. ह्येची साखर ताब्यात ठेव रे म्हाराजा!"

"रोज?" एलिना, म्हणजे ॲलिस्टरची बायको, कडाडली. "मी इकडे दुधी उकडून मरतेय, आणि तू रोज?"

"रोज नाय गं! शनिवारी सुट्टी असते ना!"

"आणि ही शिवडीची सीमा. हिका पखवाजाचा काय एक पडलला नाय. पण क्लास हा म्हणान तासभर घरात तिका कोण हाक मारीत नाय, म्हणान बसता बिचारी. तिका आणखी येक तास गावांदे रे म्हाराजा!"

मग सीमाच्या सासूबाई कौसल्या सावकाश म्हणाल्या, "असं का गं सीमा?"

काकांनी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर त्यांचं स्वतःचं तोंड तेवढं उरलं होतं.

हेमचंद्रांचा फोन आलाच. "काका, क्लास घ्यायला सांगितलं होतं, पंचायत नव्हती बसवायची!"

काकांनी आठवडाभर पखवाजाला हात लावला नाही. सुभद्राकाकींनी घावणे केले, तेही नको म्हणाले.

"अहो, खरं तेच बोललात ना?"

"म्हणूनच सगळे गेले," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी नुसता क्लास बंद करायचा म्हणून त्यांनी मोबाइल उघडला. तर काय, चौकोन उजळलेले! हितेंद्रच्या शेजारी बकुळा बसलेली. हितेंद्रची आई स्वतः तिच्या माहेरी, भोईवाड्याला जाऊन तिला घेऊन आली होती. शिवडीच्या चौकोनात एकट्या कौसल्याबाई.

"सीमा झोपलीय," त्या म्हणाल्या. "तासभर उठवणार नाही मी. तोवर माझ्या गुडघ्याचं गाऱ्हाणं घाला."

"काका, माझ्या मम्मीच्या फ्लॅटचं पण," एलिना म्हणाली. "बिल्डर चावीच देत नाय. तुमचा गॉड चालेल आम्हाला."

"आधी धडा," काका म्हणाले. "धा, दिं, ता..."

"धडा नंतर, काका!" सगळे चौकोन एकदम बोलले.

काकांनी गाऱ्हाणी घातली. वडाळा, शिवडी, गिरगाव, सगळीकडून "व्हय म्हाराजा" आलं. मागेपुढे आलं, पण आलं. धड्याला वेळ उरला नाही.

हेमचंद्रांनी लगेच फोन केला. गर्दी त्यांनीही पाहिली होती.

"काका, कमाल केलीत! क्लास चालू राहणार. गणपतीनंतरसुद्धा तुम्हीच."

काकांनी पखवाज जवळ ओढला. त्यांनी विचारलं, "मग पखवाज पुढच्या रविवारपासून सुरू करू?"

"पखवाज? तो रेकॉर्ड करून टाकू हो, ज्याला हवा तो बघेल. आणि काका, एक करा. गाऱ्हाण्याच्या वेळी पखवाज पुढून उचलून बाजूला ठेवत जा. नारळ दिसत नाही, म्हणतायत लोक."