चोंगं, निऱ्या आणि उणे अठरा

उंब्रजात भांडावं तर बनुबाईनंच! हे आजवर कुणी नाकारलेलं नाही. वीजबिलवाला असो, दावं तोडलेली म्हैस असो, नाहीतर दारात आडवा लावलेला परराज्यातला ट्रक असो, बनुबाईनं पदर कमरेला खोचला की समोरच्यानं मागचा गिअर टाकायचा, एवढंच. तेव्हा नातवाच्या मार्कांसाठी एक साधं, खोटंखोटं भांडण करायचं म्हटल्यावर ती काय घाबरणार?

पण मुळात असलं भांडण करायची पाळीच का यावी, याचा तिला जो संताप आला होता, तो तीन दिवस उतरला नाही.

तिचा नातू ऋषिराज आणि शेजारच्या चांदबीचा नातू वाजिद, दोघं एकाच कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं यंदा धर्माधर्मांतलं सहकार्य मोजायला काढलं. एक हिंदू पोरगा, एक मुसलमान पोरगा अशी जोडी लावायची. अंकिता मॅडम म्हणून कुणी शहरातल्या बाई तीनदा घरी येणार, फॉर्म भरणार. वीस मार्कांचा मामला, आणि नापास झालं तर वर्ष लटकलं!

"आज्जी, आमी नापास हुणार," ऋषिराज म्हणाला.

"आरं, जुलैत वीसपैकी वीस पडलं म्हनालास की!"

"त्येच तर झालं! मार्क प्रगतीला हायत. आदल्या फॉर्मपेक्षा फुडल्यात किती वाढ, ते बघत्यात. आमी आधीच वीसावर. वाढायचं कुठं? वर्गातला उदयसिंह आन् त्याचा जोडीदार जुलैत एकमेकाच्या दारातबी उभं ऱ्हात नव्हतं, दोन मार्क पडलं. परवा एक एक कप च्या प्यालं, बारा झालं. दहाची प्रगती! पास!"

बनुबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

"म्हंजी जलमभर नीट वागल्यालं नापास, आन् काल-परवापातुर तोंड फिरवून हिंडल्यालं पास? ही कुणी काढली रं शाळा?"

वाजिद तिच्याच चुलीपुढं बसून तिचीच भाकरी खात होता. मीठ कमी वाटलं तसा उठला आणि न बघता फळीवरचा मिठाचा डबा काढून आला. तो चालायला शिकला तो बनुबाईच्या गोठ्याचा खुंटा धरून. त्याची प्रगती शून्य!

"ठरलं!" बनुबाई म्हणाली. "ऑगस्टात मार्क खाली पाडायचं आन् गौरीत परत वर न्यायचं. भांडन माझ्याकडं लागलं!"

ती लगेच दोन्ही घरांच्या मधल्या दारातनं चांदबीकडं गेली. चांदबीचं शिलाईचं मशीन चालू होतं.

"चांदे, बेस्तरवारी अकराला मोकळी हायस का? भांडायचंय."

"अकराला? बरं. पर शिव्या न्हाई द्यायच्या आक्का, जावई येनार हाय."

झालं! इतक्या सामोपचारानं ठरलेलं भांडण सातारा-सांगलीत दुसरं झालं नसेल.

बेस्तरवारी मॅडम आल्या, हातात फळीएवढा मोबाइल आणि फॉर्म. बनुबाई ओट्यावर, चांदबी समोरच्या पायरीवर. पोरं भिंतीला पाठ लावून, कसायाच्या दारातल्या कोंबड्यांसारखी.

"तुझ्या कोंबड्या माझ्या परड्यात येत्यात!" बनुबाईनं सुरुवात केली.

"येत्यात," चांदबी म्हणाली. मान्यच करून टाकलं! मॅडमनी काहीच लिहिलं नाही. हे काय भांडण झालं? बनुबाईनं डोळे वटारून खुणावलं. चांदबीनं जरा विचार केला आणि तोंडात आलं ते टाकलं.

"तुझं चोंगं दातानं तुटत न्हाई! पीर बिचारा बोलत न्हाई म्हनून तुझं चाळीस वर्सं खपतंय!"

आता हे चोंगं म्हणजे मोहरमात पीराच्या पंजापुढं ठेवायची गुळाची, नक्षीची तळलेली पोळी. त्याचा मान बनुबाईच्या घराला, तिच्या आजेसासूपासूनचा. बनुबाईचा चेहरा तव्यासारखा झाला. हे ठरलेल्यात नव्हतं!

"काय म्हनालीस?"

"जे खरं ते."

"आन् तू गौर नेसवतीस ती? निऱ्या बघून बायका पदराआड हसत्यात! गौराई उसाच्या ट्रॅक्टरवरनं उडी मारून आल्यासारखी दिसती!"

चांदबी उभीच राहिली. बनुबाईच्या गौरीला साडी नेसवायची ती चांदबीनंच, हाही चाळीस वर्षांचा मान. गावात तिच्यासारखा निऱ्यांवर हात कुणाचा नाही.

गल्ली गोळा झाली. बनुबाईची सख्खी जाऊ पुढं आली आणि म्हणाली, "चोंगं जरा कडक असतंय, हे खरं हाय." चांदबीचा दीर बादशहा म्हणाला, "निऱ्या मागल्या साली वर गेल्या हुत्या, वैनी, खोटं कशाला बोलू?"

मॅडम घामाघूम झाल्या. "एक मिनिट! म्हणजे आजी, यांनी तुमच्या धर्माचा अपमान केला का?"

"माझ्या मोहरमाचा केला!"

"मोहरम तुमचा?"

"मग कुनाचा?"

"आन् हिनं माझ्या गौरीला नावं ठिवली!" चांदबीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

मॅडमनी फॉर्म उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मोहरमात दुखावलेल्या बनुबाईला आणि गौरीत दुखावलेल्या चांदबीला त्यात रकानाच नव्हता! शेवटी त्यांनी दोन मार्क दिले. एक चहा मिळाला म्हणून, आणि एक मधल्या दाराला कडी नव्हती म्हणून.

त्या संध्याकाळी बनुबाईनं कडी बसवून घेतली.

"आज्जी, उणे अठरा झालं," ऋषिराज रडकुंडीला आला. "आता गौरीत गोड झालं न्हाई तर दोघंबी गेलो!"

"मी? मी गोड हू? चाळीस वर्सं गपागपा खाल्लं, तवा न्हाई कडक लागलं? मी मरंन, पर ती कडी काढनार न्हाई!"

तीन आठवडे कडी निघाली नाही. चांदबीचं मशीन भिंतीपलीकडं खडखडायचं आणि बनुबाई इकडं भांडी आपटायची.

गौरी आल्या. मॅडम दुपारी तिसरा फॉर्म घेऊन येणार होत्या. बनुबाईनं सकाळीच साडी घेतली. नेसवली, सुटली. टाचणी लावली, बोटात गेली. सुतळी बांधली! अकराव्या खेपेला गौराई अशी दिसायला लागली, की जणू एसटी चुकल्यावर धावत सुटलेली बाई. मॅडम येऊन दारात उभ्या राहिल्या आणि गौरीकडं बघून खाली बघू लागल्या. बनुबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आणि मधलं दार वाजलं.

पोरांनी जागचं हलायचं धाडस केलं नाही. बनुबाईनं मुखवट्याकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि जाऊन कडी काढली.

"तुला कुनी बोलावलं?"

"गौराईनं. तिची अब्रू चाललीया." चांदबीनं तिला कोपरानं बाजूला केलं. "सरक! सुतळी? सुतळी बांधलीस बाईला? पोत्यात धान भरलंयस व्हय?"

"मग काय करू? तू तिकडं फुगून बसल्यालीस!"

"टाचणी दे. ती न्हवं, बारकी."

पाच मिनिटांत निऱ्या अशा पडल्या, जशा छापल्यात. बनुबाईनं पुरणपोळीचं ताट पुढं केलं. चांदबीनं खाल्लं.

"चोंग्याला फुडल्या सालाला दूध घाल जरा," ती घास गिळत म्हणाली.

"माझ्या चोंग्याला मी रॉकेल घालीन! तू कोन सांगनारी?"

"पुन्हा भांडण झालं का?" मॅडमनी घाबरून पेन उचललं.

"न्हाई मॅडम!" वाजिद ओरडला. "हे चांगलं चाललंय! लिवा, लिवा!"

वीसपैकी वीस! दोनावरून वीस म्हणजे अठराची प्रगती, अख्ख्या कॉलेजात पहिली! दोघं पोरं पास झाली. वार्षिक समारंभात दोन्ही आज्ज्यांना शाल-नारळ मिळाला, आणि प्राचार्यांनी माइकवर विचारलं, "आजी, एवढं सहकार्य साधलंत कसं?"

"भांडून," बनुबाई म्हणाली. लोकांना तो विनोद वाटला!

आता पुढल्या सालाच्या पोरांच्या आज्ज्या रोज तिच्या ओट्यावर येऊन बसतात. आमचीबी पोरं आधीच वीसावर हायत, म्हणतात, जरा भांडायला शिकवा. बनुबाई छाती पुढं काढून शिकवते. एकच अट घालते, खाण्याच्या जिनसावर बोलायचं नाही.

कारण चोंगं खरंच जरा कडक होतं. पण हे तिच्यापुढं कुणी बोलून दाखवावं, आणि मग बघावं!