रामटेकेबाबूंची पसंती

नोव्हेंबर १९८८, सोमवार. चिखल्याच्या खाणीत स्टोअरमागची खोली नव्या संगणकासाठी रिकामी करायची होती. मी भंगार बाहेर काढत होते आणि आमचे स्टोअरकीपर रामटेकेबाबू नव्या ट्यूबलाइटचं बटण सारखं चालू-बंद करत होते.

कुठलीही वस्तू घेण्याआधी ती बिघडवून पाहायची, ही त्यांची रीत. छत्री दुकानातच उलटी करायचे. घड्याळ पाण्यात बुडवायचे. "बिघडल्यावर कशी वागते ते पाहा, बाई. चालताना सगळेच शहाणे!" तुमसरचे दुकानदार त्यांना पाहून माल लपवत.

स्टोअरचा सगळा हिशेब एका मशीनमध्ये ठेवायचं महिन्याभरापूर्वी ठरलं होतं. ते डॉस नावाच्या प्रणालीवर चालवायचं की युनिक्स नावाच्या, हे सुचवायचं काम बाबूंकडे आलं. नागपूरहून एक विक्रेता दोन्ही दाखवायला आला. तो गोड बोलत असतानाच बाबूंनी मेन स्विच खाली ओढला.

"अजी बाबूजी, हे काय करून राहिले?"

"मी काय केलं? लाइन गेली. आमच्या इथं अशीच जाते."

दिवसभर लाइन अशीच जात राहिली. डॉस दर वेळी टुणकन उठायचं. युनिक्स कण्हत स्वतःलाच तपासत बसायचं. तेवढ्यात आमचा चहा व्हायचा. निकाल उघड होता. तरी बाबूंनी लिहून दिलं, युनिक्स घ्या.

त्या सोमवारी दुपारी वरच्या ऑफिसचा फोन आला. डॉसच येणार. स्वस्त पडतं, आणि बाबूंच्या परीक्षेत तेच तर पास झालं होतं.

बाबू रिकाम्या खोलीत पुन्हा बटण चालू-बंद करू लागले.

"तुम्हीच नापास केलेलं युनिक्स तुम्हाला काहून पाहिजे होतं?" मी विचारलं.

"त्याच्यावर पाच जण संगं बसतात, बाई. एक मशीन, पाच पडदे. डॉसवर एकटाच माणूस, दार लावून." मग बटणाकडे पाहत म्हणाले, "तुमची वहिनी गेली तवापासून घरी एकच ताट मांडतो मी. मले वाटलं, इथं तरी..."

मी झाडू उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी खुर्ची त्या खोलीत नेऊन ठेवली.

"हे कायले, बाई?"

"तुम्ही आकडे चुकवाल. मी वाचते, तुम्ही भरा."

बाबू आजवर एकही आकडा चुकले नव्हते. पाच जणांची उणीव माझ्या एका खुर्चीनं भरून निघणार नव्हती. पण खोलीत तेवढीच मावली.