मुखेडकर सरांबरोबर किनवटच्या जंगलात

मुखेडकर सरांचा एक नियम आहे. जनावराचे कान कसे होते, हे सांगता आलं नाही तर ते जनावर तुम्ही बघितलंच नाही. मग तुम्ही फोटो दाखवा, शपथ घ्या, काहीही करा.

सर नांदेडला आमच्या शेजारच्या घरात राहतात. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्यात. दसरा झाला, पाऊस उघडला की त्यांना किनवटच्या जंगलाची ओढ लागते. पूर्वी स्कूटरवर एकटेच जायचे. दोन वर्षांपासून मला नेतात, म्हणजे मी त्यांना माझ्या गाडीतून नेतो. आपली निवड आपल्या तीक्ष्ण नजरेमुळे झाली, असा माझा समज होता.

त्या समजापायी मी यंदा दुर्बीण घेतली, हिरवी टोपी घेतली आणि अकरा खिशांचं एक जाकीट घेतलं. अकरा खिशांत ठेवायला माझ्याकडे एक रुमाल होता.

भोकरला चहाला थांबलो, तर एक शेतकरी थेट माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "साहेब, रानडुकरांनी समदं सोयाबीन लोळवलं. पंचनामा कधी करून राहिले?"

मी वनखात्याचा नाही, हे सांगायला हवं होतं. पण टोपी डोक्यावर होती. मी गंभीरपणे म्हणालो, "बघतो."

"मुरलेली सवय हाय," सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. मी कचेरीत कारकून होतो, हे त्यांनी त्या शेतकऱ्याला सविस्तर सांगितलं. बिचारा हसत हसत गेला.

इस्लापूर मागं पडलं आणि सागाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली. सरांनी काच खाली केली. थोड्या वेळानं मला डावीकडं गवतात काहीतरी पिवळसर दिसलं.

"सर! बिबट्या!"

"कान?"

"दिसत नाहीत."

"हलून राहिलाय का?"

"दबा धरून बसलाय."

"दुर्बीण लावा."

दुर्बीण लावली. वारूळ होतं. मी ते न सांगता गाडी पुढं काढली.

"वारूळ होतं ना?" सर म्हणाले. "वारुळाला कान नसतेत, म्हणून आधी कान विचारायचे."

यानंतर मी एका वाळल्या फांदीला मोर आणि एका म्हशीला रानगवा ठरवलं. म्हशीच्या मागं तिची मालकीण काठी घेऊन चालली होती, ती मला शेवटी दिसली.

मग एका वळणावर मी कचकन ब्रेक दाबला. वीस पावलांवर चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. खरा कळप.

"काय हाय?" सरांनी हळूच विचारलं.

"समोर बघा."

सर डावीकडच्या झाडांकडं तोंड करून बसले होते. "किती हायेत? शिंगवाला कोणता?"

आता मात्र मी चिडलो. "सर, परीक्षा पुरे! एकदा समोर बघा तरी!"

सर हलले नाहीत. मांडीवरचे हात तेवढे एकमेकांत गुंतले.

"समोर बघितलं की काईच दिसत न्हाई, कदमसाहेब," ते म्हणाले. "नजरेचा मधला भाग गेला. कडेनं थोडं धुरकट दिसतंय. डॉक्टर म्हणाले, आता येणार न्हाई."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"कुणाला? पोराला कळालं तर दुसऱ्या दिवशी पुण्याला नेईल. त्याचं चुकत न्हाई. पण तिथं सातव्या मजल्यावर मी काय ऐकत बसू?"

जाकिटात फार उकडायला लागलं. मी इंजिन बंद केलं आणि आवाज शक्य तितका खाली आणून सांगू लागलो. नऊ माद्या आहेत. नराच्या शिंगात वाळलं गवत अडकलंय. एक पिल्लू मागं राहिलंय, डांबरावर पाय टाकायला घाबरतंय.

"थांबा मग," सर म्हणाले. "त्याला घाई करू नका."

आम्ही थांबलो. पिल्लानं पाय टाकला, मागं घेतला, आणि मग एकदम उडी मारली. मी सांगायच्या आत सर म्हणाले, "पोचलं." त्यांना पाचोळा वाजलेला ऐकू आला होता.

परतताना हिमायतनगरजवळ त्यांच्या मुलाचा फोन आला. सरांनी चाचपत बटण दाबलं, आवाज गाडीभर घुमला.

"बाबा, काही दिसलं का यंदा?"

"दिसलं की! नऊ माद्या, एक नर. शिंगात गवत घेऊन मिरवत होता बेटा. आन् एक पिल्लू, लई भित्रं..." मी सांगितलं होतं त्याहून कितीतरी चांगलं सांगत होते. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तुमचे डोळे अजून ठणठणीत आहेत, बाबा," मुलगा हसून म्हणाला.

"हाव," सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.