शरणप्पा सरांची हजेरी

शरणप्पा सर रोज सकाळी मारुतीपुढं सायकल थांबवतात, एक पाय जमिनीला टेकतात, ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि शाळेतल्या पोरासारखे मोठ्यानं म्हणतात, "हजर!" हात जोडणं नाही, चप्पल काढणं नाही. तिथून बसवण्णाच्या देवळापुढं, "हजर!" मग दर्ग्यापुढं, "हजर!" शेवटी बसस्टँडमागं लिंबाखाली एक शेंदूर फासलेला दगड आहे. तो कोण देव, हे अख्ख्या कमलनगरात कुणाला सांगता येत नाही. सर त्यालाही सोडत नाहीत.

माझं पाइपांचं दुकान त्या लिंबासमोरच. शटर वर करता करता हा खेळ मला फुकटात बघायला मिळतो. नवं गिऱ्हाईक दचकतं. मी सांगतो, "भिऊ नगा, विज्ञानाचे मास्तर हायत."

खरी गंमत इथंच आहे. आम्हाला विज्ञान शिकवताना कुणी देवाचं नाव काढलं, की "सिद्ध झालं न्हाई!" म्हणत खडू फेकून मारणारे ते हेच सर. पण माणूस प्रामाणिक. एकदा मी विचारलं, "मग देव न्हाई असं लिहून घिऊ का, सर?" तर म्हणाले, "ते बी सिद्ध झालं न्हाई. ठाऊक न्हाई असं लिही. खरं असलं तर त्याला बी मार्क असत्यात." मी सहामाहीत चार प्रश्नांना 'ठाऊक नाही' लिहून आलो. मार्क कसले, भोपळा मिळाला.

सरांच्या घरात देवाची बाजू एकट्या त्यांच्या बायको नीलम्मा, आमच्या नीलाक्का, सांभाळायच्या. रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन हीच चार ठिकाणं. सर कट्ट्यावर बसून बायकोला डिवचायचे, "जा, जा! हजेरीपट घिऊन बसलाय तुझा देव!" अक्का म्हणायच्या, "बसला असला तर?" आणि चालू लागायच्या.

दोन वर्षांमागं अक्कांच्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून त्या खाटेवर. बोलणं बंद, नजर छताला. माणूस ओळखतात की नाही, डॉक्टरलाही सांगता येईना. आणि त्याच महिन्यात सरांचं हे 'हजर' सुरू झालं.

गाव म्हणालं, म्हातारा भ्याला. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. इतके खडू खाल्ले होते! एकदा दुकानातूनच ओरडलो, "काय सर, झालं का सिद्ध?"

"न्हाई."

"मग हजर कामून म्हणायलाव?"

"तू पाइप इक," म्हणाले आणि पायडल मारलं.

हजेरी म्हटलं की माझा तळहात अजून हुळहुळतो. नववीत रज्जाक शाळा बुडवून उदगीरला सिनेमाला गेला आणि त्याच्या नावाला मी आवाज जाड करून 'हजर' म्हणालो. सरांनी वर बघितलं नाही. हजेरी पुरी केली आणि मला पुढं बोलावलं. "दोन छड्या तुझ्या, दोन रज्जाकच्या. त्याची हजेरी तू दिलीस, तर मार बी तूच घे. हात पुढं कर!" चार छड्या खाऊन जागेवर गेलो तरी सरांचं चालूच होतं, "दुसऱ्याची हजेरी देणं म्हंजे चोरी हाय, चोरी!"

मागच्या महिन्यात सर दुकानात आले. "उद्या बिदरला मोतीबिंदू काढायलेत. आठ दिवस सायकल बंद म्हणतो डॉक्टर."

"मग निवांत पडा की."

सर गेले नाहीत. पाइपांवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "एक काम हाय. माझ्या बदली हजेरी दिऊन येत जा."

मला हसू फुटलं. "तुमच्या नावानं? देतो की!"

"माझ्या न्हाई. माझी कवा दिली मी?" सर खाली बघत बोलले. "नीलम्मा, हजर. असं म्हणायचं. नाव हळू घेतलं तरी चालतंय."

माझं हसू तोंडातल्या तोंडात मेलं. दोन वर्षं सर जे पुटपुटत होते, ते हे होतं.

"तिला जाता येईना," सर म्हणाले. "लई दिवस गैरहजर दिसलं की नाव कमी करत्यात. मी किती पोरांची केलीत. वर रजिस्टर हाय का न्हाई, असलं तर कुणाकडं हाय, मला ठाऊक न्हाई. पण असलंच, तर तिचं नाव कटायला नको रे." चष्मा काढून डोळे पुसले. जाता जाता वळून म्हणाले, "आन् आवाज जाड करू नको."

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं उभा राहिलो. आजूबाजूला माणसं, मला लाज वाटायलेली. कसंबसं म्हणालो, "नीलम्मा, हजर." आणि काय सांगू, माझा उजवा हात आपोआप पुढं झाला, तळवा वर करून. पुजाऱ्याला वाटलं मी प्रसाद मागतोय. त्यानं खडीसाखर ठेवली.

ती मला खाववेना. बाकीची तीन ठिकाणं करून सरांच्या घरी गेलो. सरांची पुतणी अक्कांपाशी बसली होती. मी खडीसाखर अक्कांच्या हातावर ठेवली, म्हटलं, "अक्का, लागली हजेरी." त्या छताकडं बघत होत्या, तशाच बघत राहिल्या. पण थोड्या वेळानं त्यांची मूठ मिटलेली दिसली.

सर डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बिदरहून आले, तेव्हा मी हे सांगितलं. ते खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी अक्कांचा हात हातात घेतला.

"मूठ तिनं मिटली, का साखर ठिवताना तू मिटलीस?"

मी खूप आठवून बघितलं. व्हय म्हणावं असं फार वाटत होतं. पण सरांपुढं खोटं बोलवेना.

"ठाऊक न्हाई, सर."

सर अक्कांच्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "बराबर. पुरे मार्क."