मुर्रीतलं काश्मीर

"आता कश्मीर बंद आहे जी. लडाख पायजे त देतो."

एप्रिलच्या भर दुपारी हे ऐकून देवरीहून बसनं आलेला नवरदेव आधी डुलीचंदभाऊंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात स्वेटरची पिशवी होती. नवरीच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. मी शेजारी या नात्यानं मान हलवली. काश्मीर खरंच बंद होतं. होळीनंतर ते बंदच असतं.

हे काश्मीर गोंदियाला लागून असलेल्या आमच्या मुर्रीत, एका राईस मिलच्या मागे होतं. तिथे उसना तांदूळ होतो. म्हणजे धान आधी उकडतात, आणि ते उकडायला धानाचाच भुसा जाळतात. त्याची राख वर्षानुवर्षं मागच्या पडीक जागेत पडत गेली आणि तिचे डोंगर झाले. गावाच्या लेखी त्या डोंगरांचं काम एकच, वारा सुटला की डोळ्यांत जाणं. डुलीचंद बिसेन यांचा मात्र फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी एका हिवाळ्यात पाहिलं की एक्स्पोजर थोडं चढवलं की राखेचा राखाडीपणा उडतो आणि फोटोत हिमालय येतो. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेणं सोडलं. ते 'डेस्टिनेशनवाले' झाले.

कॅमेरा नेहमी उत्तरेकडे. कारण दक्षिणेला मिलची चिमणी होती आणि पूर्वेला म्हशी. पण भाऊ कारण वेगळं सांगत. "हिमालय तिकडंच आहे न सर. आपला थोडा अलीकडं पडते, एवढंच."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. एवढ्या कमी पुराव्यावर एवढा मोठा भूगोल उभा केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्यांचं खरं वेड सीजनचं. लग्नाची तारीख पंचांगवाला काढतो, फोटोची डुलीचंदभाऊ. नवं धान मिलमध्ये आलं की ताजी, भुरभुरीत राख पडते, ती शिमला. महाशिवरात्रीच्या आसपास ढीग पुऱ्या उंचीला येतो आणि वारा पडलेला असतो, ते काश्मीर. पुढे वारा राख उडवून नेतो, खालची माती उघडी पडते, मग लडाख. पावसाळ्यात सगळ्या उत्तर भारताला कुलूप. कुणी कितीही गयावया केली तरी एकच उत्तर : "सीजन नाई."

एकदा एका बौद्ध कुटुंबातली नवरी मंगल परिणयाच्या पांढऱ्या साडीत आली. भाऊंनी तिला लांबूनच थांबवलं. "पांढऱ्यावर पांढरा, बाई. नुसता मुंडका दिसन. तुमी लडाखात या."

"माया मामाच्या पोरीले कश्मीर देल्ला. मले काऊन लडाख?" ती तिथेच बसली. शेवटी आमच्या घरातली निळी शाल तिच्या अंगावर गेली आणि परत आली ती करडी होऊन.

या बर्फाचा एक दोष होता. तो गरम होता. राखेच्या पोटात विस्तव धुमसत राहतो. जागोजागी निघणाऱ्या धुराला भाऊ 'धुका' म्हणत. एका नवरदेवाच्या मोजडीचा तळच वितळला. कळवळून त्यानं दात आवळले तो क्षण भाऊंनी नेमका टिपला, आणि पाहणारा प्रत्येक जण म्हणाला की बिचारा थंडीनं किती काकडला आहे.

मिलमालक शेठजी सुरुवातीला फार कुरकुर करत. मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं, तेही थेट मनालीला. विमानं, वाजंत्री, मुंबईचा फोटोग्राफर, सगळं गेलं. फक्त सुट्टी जुलैत जुळत होती म्हणून जुलैत गेलं. परत आले तेव्हाचा अल्बम मी पाहिला आहे. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लास्टिक. धानाच्या रोवण्याचे फोटो वाटावेत. पुढच्या महाशिवरात्रीला ते जोडपं गुपचूप बापाच्याच मिलच्या मागे येऊन उभं राहिलं. भाऊ त्यांना एवढंच म्हणाले, "सीजन पुसाचा होता जी." त्यानंतर शेठजींची कुरकुर थांबली.

पाय भाजलेल्यांसाठी बादली घेऊन येणाऱ्या शकुनवहिनींची मात्र कधीच थांबली नाही. त्या भाऊंच्या पत्नी, माहेर दवनीवाडा. दर काश्मीरला भाऊ त्यांना म्हणत, एक आपला फोटो काढू. दर काश्मीरला त्या म्हणत, "मी का कढई आहो, राखेत बसाले?"

मला वाटायचं, वहिनींना राखेचा राग आहे. मग एकदा त्यांनी मला स्वतःच्या लग्नाचा अल्बम दाखवला आणि माझी चूक कळली.

त्या लग्नात पंचक्रोशीतला एकच कॅमेरा होता, खुद्द नवरदेवाचा. तो त्यांनी सख्ख्या भावाच्याही हातात दिला नाही. त्यामुळे अल्बमभर नवरी एकटी आहे. हार हातात घेऊन ती कुणाच्याच गळ्यात घालत नाही. ती एकटीच फेरे घेते आहे. तिच्या पदराला बांधलेला नवरदेवाचा शेला मात्र प्रत्येक फोटोत ताणून सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्या अंगावर येतो.

"सांगा सर," वहिनी म्हणाल्या, "माया लगन कोनासंग झाला? फोटोत त दिसत नाई."

त्यांची अट साधी होती. नवरा शेजारी उभा राहील तर त्या राखेतही उभ्या राहतील. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. भाऊंना नेमकं तेवढंच जमत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग म्हणून कॅमेऱ्याचा टायमर लावून पाहिला. बटण दाबून धावले आणि गुडघ्यापर्यंत राखेत रुतले. फोटोत एका कोपऱ्यात त्यांची पाठ आली आणि दुसऱ्या कोपऱ्यात घराकडे निघालेली वहिनींची पाठ.

मग एका मे महिन्यात बातमी आली की शेठजींनी राख विटांच्या कारखान्याला दिली. मी पोहोचलो तेव्हा जेसीबी काश्मीर खात होता. अर्धं आधीच ट्रकमध्ये गेलं होतं. भाऊ कॅमेरा गळ्यात घालून उन्हात नुसते उभे होते, फोटोही काढत नव्हते.

वहिनी आल्या त्या लग्नातला लाल शालू नेसून. वर भाऊंच्या स्टुडिओतला मफलर. ऊन असं की चपलेतून पाय पोळत होते. जेसीबीवाल्यानं यंत्र बंद केलं आणि बघत राहिला.

"चला जी," त्या म्हणाल्या.

भाऊंनी आकाशाकडे पाहिलं, उरलेल्या अर्ध्या डोंगराकडे पाहिलं. "सीजन नाई, शकुन. ऊन डोक्यावर आहे. मांगं जेसीबी येते."

"येऊ द्या."

भाऊंनी खांद्यावरच्या गमछ्यानं लेन्स पुसली. मग त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे केला. पट्टा त्यांच्या गळ्यातच होता, त्यामुळे क्षणभर आम्ही दोघं कपाळाला कपाळ लावून उभे राहिलो. शेवटी वहिनींनी तो त्यांच्या डोक्यावरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

"फक्त दाबा सर," भाऊ म्हणाले. "दुसरा काई नोका करू."

दोघं राखेत जाऊन उभे राहिले. मी डोळ्याला कॅमेरा लावताच भाऊ सवयीनं माझ्याकडे यायला निघाले, माझा कोन चुकला होता. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरच्या गमछ्याचं टोक धरलं आणि त्याची आपल्या पदराशी गाठ मारली. भाऊ थांबले. मी दाबलं.

तो फोटो स्टुडिओच्या काचेत आहे. वाकडा आला आहे, आणि मागे पिवळा जेसीबी स्पष्ट दिसतो. गिऱ्हाइकांनी हे कोणतं डेस्टिनेशन म्हणून विचारलं की भाऊ आधी माझ्या एक्स्पोजरला नावं ठेवतात. मीही एकदा काचेजवळ जाऊन नीट पाहिलं. राख जळकट दिसते, वहिनींचे डोळे मिटले आहेत, भाऊंची नजर कॅमेऱ्यावरच आहे. दोघांमधला गमछा मात्र पार गुडघ्यापर्यंत सैल लोंबतो आहे.