रशियावाल्याला टॉवेल-टोपी

चोपड्यात आमच्या शेजारी राहणारे सुकलाल आबा रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायचे. त्यातही अमेरिका-रशियाची अणुबॉम्बवरची बोलणी निघाली, की हातातला घास हातातच. 'बोलणी फिसकटली' असं ऐकलं की म्हणायचे, "फिसकटणारच! रशियावाल्याले टॉवेल-टोपी कोणी दिली का?"

हसू नका. रुसवे काढण्यात आबा पंचक्रोशीत उस्ताद. लग्नात व्याही फुगून बसला, की आधी आबांना हाक. एकदा नवरदेवाच्या मामाला चुकून दुसऱ्या पंगतीत बसवलं, तर तो वरातच परत न्यायला निघाला. आबांनी त्याच्याशी तासभर नुसत्या केळीच्या बागेच्या गप्पा मारल्या आणि मग हळूच ताट मांडायला लावलं. मामानं वरणात चुरून चार बट्ट्या हाणल्या आणि मुकाट बसला.

"बॉम्ब टाकतो म्हणणं अन् वरात परत नेतो म्हणणं, बठ्ठं एकच शे," आबा म्हणायचे. "नेत कोणी नाही. समजूत काढणारा पाहिजे फक्त."

आता इतकं कळणाऱ्या माणसानं पोटच्या मुलीशी चार वर्षं अबोला धरावा? निर्मलानं दीपनगरच्या वीजकेंद्रातला मुलगा स्वतः पसंत केला, एवढाच तिचा गुन्हा. "आधी तिनं बोलावं, मी बाप शे," यावर आबा अडून बसलेले. मी समजवायला गेलो की मलाच झापायचे. अस्सा वैताग यायचा!

मग एका सकाळी बातमी आली. अमेरिका-रशियाचं जमलं, क्षेपणास्त्रं मोडायचं ठरलं. मला वाटलं, आबा आता पेढे वाटतील. ते पेपर घेऊन माझ्याकडे आले.

"पहिले कोण बोललं, ते वाच."

मी सगळा पेपर चाळला. "नाही दिलेलं, आबा. आणि कुणी का बोललं असेना! बॉम्ब तर टळला ना?"

आबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "जन्मभर लोकांचे रुसवे काढले रे. माझा काढायला कोणीच येत नाही."

"चला, कपडे करा," मी म्हटलं.

दोन एसट्या बदलून दीपनगरला पोचलो. दार निर्मलानंच उघडलं.

"ऐक," आबा बोट उगारून म्हणाले, "पहिले मी बोललो. ध्यानात ठेव."

बोट तसंच वर धरून ते दारात रडत उभे राहिले.