निरीक्षणाखाली

आमच्या मोशीच्या सोसायटीत गायकवाड काका लिफ्टमध्ये शिरले, की मजल्याचं बटण दाबण्याआधी लिफ्टच्या भिंतीला पालथा हात लावतात. क्षणभर थांबतात, मान हलवतात, मग बटण. पाहुण्यांना वाटतं काका नमस्कार करतायत. काका लिफ्टचा ताप बघत असतात.

चाकणच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण हात काही रिटायर झाला नाही. पार्किंगमधलं बॉनेट, वाण्याचा फ्रीज, बँकेतलं पासबुक छापायचं मशिन, दिसेल त्याला तो पालथा हात लागतोच. माझ्या नणंदेच्या लग्नात काका जेवण सोडून हॉलच्या मागं जनरेटरपाशी उभे. मग स्टेजवर येऊन नवरदेवाला म्हणाले, "अजून दोन तास काढंल, काळजी न्हाई." तो बिचारा दचकला. त्याला वाटलं, संसाराबद्दल बोलतायत.

दुरुस्त केलेली वस्तू मात्र काका लगेच देत नाहीत. मिक्सर असो की इस्त्री, दोन दिवस त्यांच्याकडेच राहते. वर चिठ्ठी असते, मालकाचं नाव आणि खाली 'निरीक्षणाखाली'. फुकटचं काम, त्यामुळे कुणाला भांडताही येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यापायी पाट्यावर चटणी वाटली होती.

मागच्या महिन्यात ही वेळ माझ्यावर आली. मी निघोज्याच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. सोमवारी बड्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. त्यांना रिपोर्ट रविवारी पाचच्या आत हवा होता, आणि सगळे आकडे माझ्या लॅपटॉपमध्ये. शनिवारी तो चटका बसेल इतका तापला आणि आपोआप बंद पडला. रविवारी सकाळी बटण दाबलं की दिवा लागायचा, आतला पंखा घरघरायचा आणि सगळं विझायचं. मी तो उचलून काकांच्या दारात उभी राहिले.

काकांनी आधी विचारलं, बटण किती वेळा दाबलं. मी म्हटलं, दहा वेळा.

"दहा कशाला, ताई? पहिल्याच वेळी न्हाई म्हणला ना तो."

मग कुठं ठेवून काम करता, हे विचारलं. पलंगावर, गोधडीवर, असं सांगितल्यावर त्यांनी लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळीवर बोट ठेवलं. हवा आत जायची वाटच मी बुजवली होती.

चार्जर काढून त्यांनी बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक पडला नाही. तेव्हा वर्तमानपत्रावर पेनानं लॅपटॉपचा आकार काढला आणि निघेल तो स्क्रू त्या-त्या जागी मांडत गेले. झाकण उघडल्यावर पंख्यात धुळीचा जाड थर बसलेला दिसला. पातं फिरू नये म्हणून एका बोटानं धरून त्यांनी मऊ ब्रशनं तो काढला. मुख्य चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. मी सारखी घड्याळाकडे बघत होते. ते बघत नव्हते.

दीड वाजता बटण दाबलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी हात पुढं केला, तर काकांनी चिठ्ठी काढली.

मी जवळजवळ रडकुंडीला आले. पाचची गोष्ट पुन्हा सांगितली. काकांनी विचार केला, टेबल पुसलं, खुर्ची ओढली. म्हणाले, "मग हितंच बसून करा."

मी बसले. पहिला तासभर ते दर दहा मिनिटांनी येऊन लॅपटॉपला हात लावून जात होते. स्वयंपाकघरात एक टेबलफॅन रिकाम्या भिंतीकडे तोंड करून फिरत होता. तो कुणासाठी, असं मी सहज विचारलं.

"वॉचमनचा हाय. कालच झाला नीट." काका खिडकीशी बसले होते, तिथूनच बोलले. "ही होती तवर दिवसभर शिलाई मशिन चालायचं. कंपनीत आवाज, घरात आवाज. आता दुपारची लई शांतता वाटती. कायतरी चालू असलं म्हंजी बरं पडतं."

मी टाइप करत राहिले. थोड्या वेळानं बघितलं तर काकांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती. झोप लागली होती.

साडेचारला रिपोर्ट गेला. मी बोटं थांबवली, तसे काकांनी डोळे उघडले.

"झालं व्हय?"

"थोडं राहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी कोरं पान उघडलं आणि सोसायटीतल्या एकेका घराचं नाव टाइप करत बसले. ए विंग संपल्यावर बी विंग घेतली.